पाच हजारांचा गेम आणि फुकटची पेज

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. एक लहान खोली घ्यावी, तिच्यात चार खुर्च्या ठेवाव्यात आणि पाच माणसं आत येऊ द्यावीत. चौघं बसतात. पाचव्याला जागा नसते म्हणून तो उभ्यानेच बोलत राहतो, आणि बसलेल्यांना त्याला गप्प करायचं असतं. झाला किस्सा तयार. माझ्या खोलीत हे गेली सहा वर्षं रोज चाललंय. माळ्यावरची भांडी मी मोडीत काढली, पण हे किस्से कुणाला द्यायचे? म्हणून लिहायला बसले.

खोली लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून. एके काळी इथे माझी खानावळ होती. गिरणीतले चाळीस मेंबर दोन पंगतींत जेवायचे. महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्याला आम्ही मेंबर म्हणायचो. गिरण्या गेल्या, मेंबर गेले. मग मी डबे केले, मग गुडघे गेले. नात तन्वी म्हणाली, “आज्जी, खोली रिकामी ठेवण्यापेक्षा गेम लाव.” मी म्हटलं, लाव. तिनं दोन टीव्ही आणि दोन सेकंडहँड मशिनं आणली. आता मुलं तासावर खेळायला येतात. मुलं म्हणजे तिशी-पस्तिशीची, पुढचे केस विरळ झालेली मुलं.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. पुढचं सगळं माझं मी शिकले. मराठी वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर पक्कं केलं, आणि इंग्रजी ह्या टीव्हीवर. ‘कंटिन्यू’, ‘रिट्राय’ आणि ‘गेम ओव्हर’ एवढं वाचता आलं की जगातलं बरंचसं काम भागतं. सत्तरीला मी मोटारींच्या शर्यतीत पम्याला हरवलं. तो म्हणतो त्याचा रिमोट खराब होता. म्हणू दे.

हा पम्या म्हणजे आमच्याच चाळीत वाढलेला, आता शिवडीला राहतो, लोअर परळला कुरिअरच्या ऑफिसात आहे. दुसरे सावंत मास्तर, दादरच्या शाळेतून भूगोल शिकवून रिटायर झालेले. ते खेळत नाहीत, मत देतात. तिसरा नायगावचा सिद्धार्थ, त्याच्याबद्दल पुढे सांगते. चौथी तन्वी आणि पाचवी मी. खोली माझी असूनही उभी बहुतेक वेळा मीच असते, त्यामुळे बोलतेही मीच.

*

सुरुवात झाली ती पम्याच्या तोंडापासून.

एका दुपारी तो आला, काही न बोलता खुर्चीत बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. तासाचे पैसे आधीच देऊन ठेवले होते, पण रिमोटला हात नाही. चेहरा असा की मी काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

“कधी झालं?” मी विचारलं.

“आज सकाळी कळलं.”

“वय काय होतं?”

त्यानं मान वर केली. “कोणाचं?”

“जे गेले त्यांचं.”

“गेलं कोणी नाही गं मावशी. फुटबॉलचा नवा गेम आलाय. गेल्या वर्षी चार हजारांना होता, ह्या वर्षी पाच हजारांच्या वर. तोच गेम, तेच खेळाडू. फक्त दाढ्या बदलल्यात.”

शेजारची रेडकरीण दारात येऊन पदर तोंडाला लावून उभी होती. कारण एवढ्या वेळात मी तिला खूण करून बोलावून घेतलं होतं आणि मयताच्या मानाने टीव्ही बंद केला होता.

पम्यानं टीव्हीकडे पाहिलं. “मावशी, हा बंद कशाला केलास? माझा तास चालू आहे.”

*

मास्तरांना हे सहन झालं नाही. खेळत नसले म्हणून काय झालं, ग्राहक म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. आधी मराठीत कच्चं, मग इंग्रजीत पक्कं. वर्षागणिक किंमत वाढवताना खेळाडूला नक्की काय जास्त मिळतं, ह्याचा मुद्देसूद खुलासा मागितला. तन्वीनं ते ईमेलनं धाडलं.

पाच मिनिटांत उत्तर. मास्तर हरखले. “बघा वहिनी, परदेशात अजून पत्राला किंमत आहे.”

उत्तरात लिहिलं होतं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आमच्या दुसऱ्या एका गेममधल्या घोड्यासाठी चांदीचं खोगीर भेट देत आहोत.

“घोडा कुठंय?” मास्तरांनी विचारलं.

“घोडा गेममध्ये असतो,” तन्वी म्हणाली. “तो गेम तुमच्याकडे नाहीये.”

“म्हणजे खोगीर माझं आणि घोडा त्यांच्याकडे?”

“हो.”

मास्तर दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीत घोडेवाला गेम. पूर्ण किमतीचा.

“वाया जात होतं हो वहिनी,” ते म्हणाले. “चांदीचं होतं.”

*

भावाच्या बाबतीत ह्या लोकांचा काही उपयोग नाही हे मला तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं मी मासळीवाल्यांशी भाव केलाय. पम्याला म्हटलं, “मला घेऊन चल दुकानात. फुटबॉलचा मी बघते.”

दादरला स्टेशनजवळ एका इमारतीच्या बोळात ते दुकान आहे. मी डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. माशाचे कल्ले उघडून बघतात तसं कव्हर नखाने उचलून पाहिलं.

“आजचा आहे की कालचा?”

“मावशी, मागच्या महिन्यात आलाय.”

“मग शिळ्याला एवढा भाव?”

दुकानदार बरा होता, हसला. म्हणाला, “फिक्स रेट आहे.”

“आमच्या बाजारातल्या सगळ्या तसंच म्हणतात. अडीच हजार देते.”

“मावशी, मला स्वतःला साडेचारला पडतो.”

आता ह्यावर उपाय एकच. निघायचं. डबा ठेवायचा, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. दहा पावलं चालायचं, अकराव्या पावलाला मागून हाक येते. माझ्या उभ्या आयुष्यात मला बारावं पाऊल टाकावं लागलेलं नाही.

मी चालले. अकरावं पडलं. बारावं पडलं. मागे वळून बघणं म्हणजे हार, म्हणून चालत राहिले. मोजून अठ्ठावीस पावलं झाली, फुलवाल्यांपर्यंत पोचले, तेव्हा कुठे हाक आली. “मावशी, ये परत!”

मी सावकाश वळले. हाक पम्यानं मारली होती. पैसे भरून पावती हातात घेऊन उभा होता.

घरी येऊन डबा उघडला तर आत डिस्क नाही. चिठोऱ्याएवढा एक कागद, त्यावर नंबर. मी पम्याला काही बोलू दिलं नाही. तोच डबा घेऊन उलट पावली दादर गाठलं आणि दुकानदारासमोर उघडून धरला.

“डबा दिलात. जेवण कुठंय?”

“मावशी, आता असंच येतं. हा नंबर मशीनमध्ये टाकायचा, गेम इंटरनेटवरून घरी उतरतो.”

नंबर टाकला. सकाळी उतरवायला ठेवलेला गेम दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला पुरा झाला. पाच हजार मोजून वर शिजवायचाही आपणच.

*

आता सिद्धार्थ. त्याचा आजोबा ज्या गिरणीत सूतखात्यात होता, ती पाडून तिथे काचेची इमारत झाली, आणि त्या इमारतीत एका गेम कंपनीचं ऑफिस आलं. सिद्धार्थ तिथे गेम तपासायला होता. दिवसभर गेममधल्या भिंतींवर धडकायचं आणि कुठली भिंत पोकळ आहे ते लिहून द्यायचं. पम्याला ह्या नोकरीचा फार मत्सर. “आम्ही धडकायचे पैसे देतो, ह्याला धडकायचा पगार मिळतो.”

आमच्यात किमतीची बाजू घेणारा तो एकटाच. “एका गेममागे शेकडो माणसं वर्षानुवर्षं खपतात,” तो सांगायचा. “पगार वाढतात, मशिनं महागतात. शिवाय किती वर्षं किंमत वाढलीच नव्हती.”

“मग सुट्टे भाग का विकता?” पम्या भडकायचा. “गेम पाच हजारांना, वर खेळाडूचे बूट वेगळे, शेवटचा अध्याय वेगळा. पूर्ण गेम म्हणून घ्यायचा आणि अर्धा घरी आणायचा. ही सरळ लूट आहे. होय की नाही मावशी?”

मी होय म्हटलं. मग त्याच आठवड्यात तासाचे दहा रुपये वाढवले. गेम महागले, विजेचं बिल वाढलं, मी काय करू?

“मावशी, तू पण?” पम्या असा बघायला लागला जसं काही मी त्याच्या पाठीत सुरा खुपसला.

मी म्हटलं, “मेल्या, बस खाली. भाव वाढवणं काय असतं ते सांगते.”

मी खानावळीत एकदाच ताटाचा भाव वाढवला होता. तेल चढलं, तांदूळ चढले, मासळी चढली, मी दोन आठवडे दात-ओठ खात जुन्याच भावात वाढलं आणि मग तिसऱ्या आठवड्यात फळीवर नवा भाव लिहिला. चाळीसच्या चाळीस मेंबर उठले आणि बाहेर फुटपाथवर जाऊन पावाचे तुकडे खात बसले. मला दिसेल असे, ओळीने. गिरणीत संप करून सराव झालेला, माझ्या दारात का नाही करणार? त्यांचा पुढारी आत आला आणि म्हणाला, परवडत नाही. मी अंबाड्यातली पेन्सिल काढून फळीवर ठोकली आणि म्हटलं, “परवडत नसेल त्यानं पेज प्यावी. पेज माझ्याकडे फुकट आहे.” आणि खरंच, पेज मी कोणाला कधी विकली नाही.

तीन दिवस ते पेज पीत होते. चौथ्या दिवशी मलाच बघवेना. भाव मी जुना केला.

“बघ,” पम्या म्हणाला. “ह्याला म्हणतात माणुसकी. कंपन्यांनी शिकावं.”

“पुढचं ऐक. भाव जुना केला, पण ताटात माशाचे दोन तुकडे असायचे त्याचा एक केला. दुसरा ज्याला हवा त्यानं वेगळे पैसे द्यावे. ताट पाहून एक म्हातारा मेंबर म्हणाला, भाव तोच, मासा कुठंय?”

मास्तर हसले. तन्वी हसली. सिद्धार्थ मात्र खुर्चीतून उठला, माझ्यासमोर आला आणि दोन्ही हात जोडले.

“मावशी, ज्या गोष्टीसाठी जगभरची मुलं आमच्या धंद्याला शिव्या देतात, ती तुम्ही लालबागला काढलीत.”

*

तरीही ठराव झालाच. मास्तरांनी मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘पूर्ण किमतीत कोणताही गेम घेणार नाही. सेलची वाट पाहीन. सर्वानुमते.’ पुठ्ठा टीव्हीच्या वर टांगला. सगळ्यात मोठ्याने ‘सर्वानुमते’ म्हणाला पम्या.

बरोबर बारा दिवसांनी त्याला ताप आला. फोनवर आवाज इतका खोल की मला वाटलं विहिरीतून बोलतोय. “मावशी, दोन-तीन दिवस येत नाही. अंग मोडलंय.”

फोन ठेवला आणि तन्वीनं तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. ह्या मशिनांची एक खोड आहे, कोण कुठे बसून काय खेळतंय ते सगळ्या दोस्तांना दाखवतात. तिथे हिरव्या ठिपक्यासकट लिहिलं होतं की पम्या आत्ता तलवारींचा नवा गेम खेळतोय. नवा म्हणजे त्याच सकाळी बाजारात आलेला.

मी उठले. पेज केली, लोणच्याची फोड घेतली, डबा भरला, टॅक्सी करून शिवडीला गेले. दोन मजले चढून बेल वाजवली. दार पम्यानंच उघडलं. कानावर हेडफोन, हातात रिमोट, बनियनवर घाम.

मी हातातला डबा वर केला. “ताप किती आहे?”

त्यानं मान खाली घातली.

“साडेपाच हजार.”

पेज त्यानं सगळी प्यायली. ठराव मोडल्याचं मी कोणाला सांगितलं नाही. आता लिहून सांगतेय.

*

मग सिद्धार्थची नोकरी गेली. कंपनीनं तपासनीसांची अख्खी रांगच कमी केली. पोरगं बसून राहिलं नाही. एका मित्राला घेऊन स्वतःचा गेम करायला लागला. दोन वर्षं घर आईच्या पगारावर. आई सुनंदा, परळच्या हॉस्पिटलात नर्स. ती दोन वर्षं एक शब्द बोलली नाही, आणि मग एक दिवस पुरं बोलली. मामानं शिवडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझरची जागा बघून ठेवलीय. गेम शुक्रवारी बाजारात येऊ दे. गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाही तर सोमवारी सकाळी आठला शिवडी.

गेमचं नाव ‘मेंबर’. कोकणातून आलेला नवा कामगार, एक महिना, पगार एवढाच, गावी पैसे धाडायचे, आणि जेवायचं खानावळीत. खानावळीची माहिती दोन वर्षं त्यानं माझ्याकडून पिळून घेतली. कुठल्या वारी कुठला मासा, पाट कसले, फळी कुठे. मी सगळं सांगितलं. आपल्यावर कोणी गेम करतोय म्हटल्यावर माणूस जरा ताठ बसतोच.

बुधवारी तो किंमत विचारायला आला. जगातले सगळे गेम महाग म्हणणारी आमची सभा, आणि समोर घरचा गेम. सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले.

“फुकट ठेव,” पम्या म्हणाला. “मध्ये जाहिराती टाक.”

“नव्याण्णव,” मास्तर म्हणाले. “विद्यार्थ्यांना परवडेल असा.”

“मी एकशे एकोणपन्नास म्हणत होतो,” सिद्धार्थ हळूच म्हणाला.

“किती?” मी विचारलं.

“जास्त होतात का मावशी?”

“एकशे एकोणपन्नासमध्ये आज बांगड्याचा वाटा येत नाही. दोन वर्षं आईनं रात्रपाळ्या केल्या त्या बांगड्याहून स्वस्त? चारशे लाव.”

“चारशेला कोण घेणार? दोनशे करतो.”

“चारशे.”

“मावशी, नव्या पोराचा गेम आहे. अडीचशे. शेवटचं.”

“चारशे. आणि तीनशे नव्याण्णव लिहून लोकांना येडं बनवू नकोस. चारशे म्हणजे चारशे.”

तन्वीनं कपाळाला हात लावला. “आज्जी, तू गिऱ्हाईक आहेस. गिऱ्हाईक भाव वाढवत नाही.”

“मी चाळीस ताटं वाढलेली बाई आहे,” मी म्हटलं. “नाही जमत? मी निघाले.”

आणि निघाले. स्वतःच्या खोलीतून. गुडघे कुरकुरत होते, पण पाठ ताठ. एक, दोन, पाच, आठ. दादरची अठ्ठावीस पावलं आठवत होती. दहा. चाळीसमोरचा फुटपाथ संपला. अकरावं पाऊल उचललं.

“मावशी, बरं! चारशे!”

ह्या वेळी आवाज दुकानदाराचाच होता.

*

शुक्रवारी अकरा वाजता गेम सुरू झाला. आम्ही पाचही जण हजर, आणि डोक्यावर मास्तरांचा पुठ्ठा. पूर्ण किमतीत कोणताही गेम घेणार नाही.

कोणी हलेना. मग मास्तर उठले, खुर्चीवर चढले, खिशातून पेन काढलं आणि ठरावाखाली लिहिलं, ‘उपकलम १. घरचा गेम वगळून.’

भवानी मी करणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. तिला घासाघीस नाही की सवलत नाही. पम्या म्हणाला, “माझ्याकडे वीस टक्क्यांचं कूपन आहे, ते टाकूया.” मी नुसतं बघितलं, त्यानं फोन खिशात घातला. तन्वीनं माझ्या फोनवरून चारशे भरले. सिद्धार्थच्या फोनवर एक विक्री उमटली. त्यानं फोन कपाळाला लावला, तसाच, जसे आमचे बाजारातले लोक पहिली नोट लावतात. मग बाकीच्यांनी घेतला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नऊ गेले. त्यातले चार आमचेच. शनिवारी सिद्धार्थ आला तेव्हा शिवडीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशातून डोकावत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं.

रविवारी दुपारी मी स्वतः खेळायला बसले. मला वाटलं होतं मी खानावळवाली होणार. कसलं काय. मला केलं होतं कामगार. ठीक आहे. पहिला आठवडा बरा गेला, गावी मनिऑर्डर केली. दुसरा निघाला. आणि तिसऱ्या आठवड्यात खानावळीत गेले तर फळीवर नवा भाव.

“हे काय?” मी म्हटलं. “महिना मध्यावर असताना? मी घरी काय धाडू?”

पडद्यावरची बाई ढिम्म. मी पुन्हा बटण दाबलं. तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढून फळीवर ठोकली. ‘परवडत नसेल त्यानं पेज प्यावी.’

“ही बाई लुटतेय,” मी म्हटलं. खाली दोन बटणं आली होती, ‘पैसे द्या’ आणि ‘बहिष्कार’. मी बहिष्कार दाबला आणि माझा माणूस बाहेर फुटपाथवर जाऊन बसला.

तेवढ्यात सिद्धार्थचा फोन वाजायला लागला. थांबेचना. कोणीतरी कुठेतरी गेमचा व्हिडिओ टाकला होता आणि लोक अभिप्राय लिहीत होते. तो वाचायला लागला.

“‘गेम झकास. खानावळवाली बाई चोर आहे.’ ‘तिसऱ्या आठवड्यात भाव वाढवणं हा अन्याय आहे.’ ‘भाव परत तोच केला, पण मासा कुठंय?’ ‘ह्या म्हातारीविरुद्ध सगळ्या खेळाडूंनी एकत्र यावं.’”

“आणि चारशेबद्दल?” पम्यानं विचारलं. “गेमच्या किमतीबद्दल काय म्हणतात?”

सिद्धार्थनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. “कोणीच काही म्हटलेलं नाही.”

दारात सुनंदा उभी होती. ड्युटीवरून थेट आलेली, पर्स अजून खांद्याला. “जयभीम मावशी.”

“जयभीम. ये गं, बस.”

ती बसली नाही. लेकाकडे बघत म्हणाली, “काय झालं? आवाज रस्त्यावर येतोय.”

“लोक भांडतायत, आई.”

“किमतीवरून?”

“ताटाच्या किमतीवरून. गेममधल्या.”

“किती लोक?”

त्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा वर केला, बराच वेळ वाचलं. मग फोन परत दिला आणि पर्समधून स्वतःचा काढला. “दादाला कळवते. उद्याचं शिवडीचं राहू दे.”

पम्यानं शिट्टी मारली. मास्तर उगाचच पुठ्ठा सरळ करायला लागले. सिद्धार्थ माझ्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला.

“मावशी, सगळ्यांचं एकच म्हणणं आहे. ताटाचा भाव कमी कर म्हणतात. दोन मिनिटांचं काम आहे. करू?”

पडद्यावर माझा माणूस बहिष्काराच्या तिसऱ्या दिवशी पोट धरून फुटपाथवर बसला होता. आत ती उभी होती, पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचून.

“एक पैसा कमी करायचा नाही,” मी म्हटलं, आणि माझ्या माणसाला उठवून पेजेच्या रांगेत उभं केलं.